कान कोरडा होईपर्यंत

धाकटे सुनोक, तुला पोटभर आशीर्वाद.

मी बरी आहे, दोन्ही वेळा जेवते. तुझे गुडघे कसे आहेत? फोन कानाला लावून उपयोग नाही, म्हणून लिहितेय.

ऑपरेशन तिसऱ्यांदा पुढं ढकललं. डॉक्टर म्हणतो, कान आतून कोरडा हवा. दहाव्या वर्षापासून जेजू बेटाच्या समुद्रात शिंपल्यांसाठी बुड्या मारणाऱ्या बाईचा कान कोरडा! महिनाभर औषधाचे थेंब घालतेय, डोकंसुद्धा धुऊ देत नाहीत.

काल पुन्हा कान तपासले. बंद खोलीत बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. कानावर ते डबडं चढलं की सगळं पाण्याखाली असल्यासारखं गप्प होतं आणि माझा श्वास आपोआप कोंडतो. नर्स घाबरून आत धावली. ती काय ओरडली ते सूनबाईनं मागाहून कागदावर लिहून दिलं, "आजी, श्वास घ्या! इथं समुद्र नाहीये!"

मला ठाऊक नाही होय?

वर डॉक्टरनं बजावलंय, कान बरा झाला तरी बुडी कायमची बंद. मग एवढा खटाटोप कशाला, असं तू विचारशील.

गेल्या वर्षी तू पाण्यावर येऊन कोंडलेल्या श्वासाची शिट्टी सोडलीस, ती मला ऐकूच आली नाही. तू बुडालीस समजून मी वेड्यासारखी तळाशी तुला शोधत होते. आता काठावर बसेन, पण ती शिट्टी ऐकेन.

तोवर खोल जाऊ नकोस.

तुझी चिडलेली ताई,
तोकसिल