हॉट प्रेसमधली बादली

रविवार, संध्याकाळ. मलिंगार, आयर्लंड.

घरी लावलेल्या बिअरला मी आईपुढे व्हिनेगर कशाला म्हणालो? दोन महिन्यांसाठी आलीये, उगाच वाद नको, म्हणून. बादली हॉट प्रेसमध्ये, म्हणजे कपाटातल्या गरम पाण्याच्या टाकीशेजारी ठेवली आणि आत तरंगणारा सेन्सर मोबाईलला काही केल्या दिसेना. तो आंबलं की मोबाईलवर कळवतो, एवढं मात्र आईला खरं सांगितलं होतं.

आज ड्युटीवरून आल्यावर ॲप काढून परत टाकलं, राउटर बंद करून चालू केला. अचानक सिग्नल आला. फसफस जोरात, तापमान छान. मी स्वतःवर इतका खूश, की शेजारच्या शॉनला बोलावलं. त्याची बिअर कायम जमते, त्याला एकदा दाखवायचंच होतं.

त्याच्यासमोर झाकण उघडलं. बिअर ढिम्म. सेन्सर नाहीच. मोबाईलवर फसफस चालूच. शॉन "ग्रँड" म्हणाला आणि तोंड फिरवून हसला.

"सेन्सर कुठे गेला?" मी ओरडलो.

"ते होय?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "धुऊन इडलीच्या पिठात टाकलंय. इथल्या गारठ्यात पीठ फुगतच नाही."

रेडिएटरजवळ आइस्क्रीमचा डबा, त्यात पीठ उतू चाललेलं, वर सेन्सर.

"अगं, पण माझं व्हिनेगर..."

"शॉनला इडली खायला थांबव," आई म्हणाली. "आणि तुझ्या बिअरमध्ये ते नुसतंच पडून होतं रे."