खीर दोनदा उकळली होती

उल्हासनगर, कॅम्प नं. ३
१५ मे २०२५

चि. किर्तीस आजीचा जय भीम आणि आशीर्वाद.

फोनवर तू मधेच बोलतेस, म्हणून कागद घेतला. माझी शाळा तिसरीपर्यंत, चुका मोजू नकोस.

बुद्धपौर्णिमेची खीर बत्तीस वर्षं मीच करते, यंदाही केली. विहारात वाटली आणि तीन तासांत निम्मी आळी ओकायला लागली, मग जुलाब. तुझा बाप संडासाच्या रांगेत दोनदा भांडला. समोरच्या चंदूची चार वर्षांची शलाका तर पार सुकली, सरकारी दवाखान्यात सलाईन लावलं. आता बरी आहे, पण मला बघून तोंड फिरवते.

जो तो विचारतो, खिरीत काय होतं. मी ठणकावून सांगितलं, दूध शेजारच्या विठानं आणलं, तिला विचारा. माझी खीर आदल्या संध्याकाळी रटरट उकळली, सकाळी वाटण्याआधी परत उकळली. त्यात कुठला जंतू जगतो? विठा रडली. जीन्सच्या कारखान्यातल्या माणसांना ती डबे देते, ते अकराच्या अकरा बंद झाले. वाईट वाटलं, पण खरं ते खरं.

तू नर्सिंग शिकतेस ना? मग तुमच्या कॉलेजच्या कागदावर लिहून दे, चांगुणाबाईची खीर चोख होती. विहारात वाचून दाखवते.

लोभ आहेच. कागद लवकर पाठव.
तुझी आजी

पुणे
१९ मे २०२५

ती. आजीस, सप्रेम जय भीम, वि. वि.

तुझं पत्र मैत्रिणींना वाचून दाखवलं. सगळ्या तुझ्या प्रेमात आहेत, मी जरा काळजीत आहे.

तीन तासांत उलट्या म्हणजे खिरीत विष आधीच तयार होतं. एक जंतू पिकलेल्या जखमेत राहतो. निवलेल्या खिरीत तो पडला की रातभर वाढतो आणि विष सोडतो. सकाळच्या उकळीत जंतू मरतो, त्याचं विष मरत नाही. ते आतड्यात गेलं की आतडं चिडतं, पाणी शोषायचं सोडून उलट बाहेर सोडायला लागतं. म्हणून शलाका सुकली.

आता रागावू नकोस. विठामावशीनं त्याच दुधाचा चहा केला असेल, तो प्यायलेल्या कोणाला काही झालं का? पहिल्या उकळीनंतर खिरीत कोणाचा हात गेला? आणि जीन्सचे धागे कापताना कातर लागलेलं तुझं बोट बरं झालं का?

तुझ्या शिव्यांची वाट बघते. माया पातळ करू नकोस.
तुझी किर्ती

उल्हासनगर
२३ मे २०२५

किर्ते,

आशीर्वाद नंतर. नातीनं आजीच्या हाताला विष म्हणावं, यासाठी तुला शिकवली?

चहा सगळ्या गल्लीनं प्यायला. कोणाला काही झालं नाही. हात माझा गेला. खीर निवल्यावर काजू-खोबरं मीच चुरून घातलं, चव हाताला असते. बोटाला चिंधी होती. पिवळं पाणी येत होतं थोडं. म्हणून काय झालं?

रश्श्यातली मिरची काढून टाकली तरी तिखट मागे राहतं, एवढं मला कळतं. कळतं म्हणून तर डोकं फिरलंय.

कॉलेजचा कागद पाठवू नकोस.
आजी

उल्हासनगर
३ जून २०२५

चि. किर्तीस जय भीम आणि मागचेही आशीर्वाद.

रविवारी विहारात तुझंच पत्र वाचलं. अडले तिथे तुझ्या बापानं सांगितलं. मग चिंधी सोडून बोट वर केलं. म्हटलं, दूध चोख, विठा चोख, घाण ही इथली. राजाबाई म्हणाली, म्हातारे, आता खीर सोड. मी म्हटलं, बत्तीस वर्षं पाचही बोटं चाटलीस, आता माझ्या एका बोटाला भ्यायलीस?

विठाकडे गेले तर तिनं दार लावलं. बरोबर केलं. मी पायरीवर बसले. दुपार टळली तेव्हा दार उघडलं. माफी मला मागता येत नाही, मी डबा मागितला. तो घेऊन काल कारखान्याच्या दारात गेले आणि सगळ्यांदेखत जेवले. कारागिरांना सांगितलं, विष विठाच्या हातचं नव्हतं, माझ्या हातचं होतं. आज तिचे सात डबे सुरू झाले. उरलेल्या चौघांसमोर उद्या परत जेवीन. भाजीत मीठ कमी होतं, पण बोलले नाही.

बोटाला दवाखान्यात पट्टी बांधून आले.

पुढच्या पौर्णिमेला खीर मीच करणार. सकाळी करणार, गरम वाटणार. काजू विठा घालेल, हातानं नाही, डावानं. तिला अजून विचारलेलं नाही. नाही म्हणाली तर पायरी आहेच.

लोभ ठेव, आणि मला घाबरून खरं लिहायचं सोडू नकोस.
तुझी आजी, चांगुणा