डाव्या बाहीचे चाळीस धागे

३ नोव्हेंबर १९५७, सिरोंचा

पोचलो एकदाचा! आलापल्लीपासून बसनं हाडं खिळखिळी केली, पण गोदावरी दिसली आणि शीण पार उतरला. नदीकाठी दोन खोल्या, पुढे ओटा आणि खाली डोह. डोहाच्या मधोमध बसक्या बैलासारखा काळा खडक आहे.

काम मनासारखं मिळालं. इथले झिंगे वीतभर लांब. चार महिने मिळतात आणि मग गायब होतात. ते कुठे जातात, कधी परततात हे कळलं, तर जाळी कधी टाकायची आणि कधी आवरायची ते धिवरांना, म्हणजे इथल्या मासेमारांना, सांगता येईल. त्यासाठी झिंग्यांना खुणा बांधून सोडायचे आणि पुन्हा पकडायचे. एम. एस्सी. होऊन झिंग्यांच्या मागे लागलेला माझ्यासारखा दुसरा शहाणा नसावा.

माझ्या मुलीला, कुंदाला, मूल गावी थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे ठेवलंय. सात वर्षांची पोर, आई जाऊन दीड वर्ष झालं. निघताना ती रडली नाही, म्हणून मलाच रडू आलं. घर लागलं की महिन्याभरात तुला न्यायला येतो, असं वचन दिलंय.

६ नोव्हेंबर

लटारूभाऊ माझे नावाडी. गड्यांशी तेलुगूत बोलतात, माझ्याशी फारसे बोलतच नाहीत. त्यांच्या बायको गुणाबाई चामोर्शीकडच्या, त्या मात्र दोघांचं मिळून बोलतात. जेवण त्यांच्याकडूनच येतं. आज फूटपट्टीनं झिंगे मोजताना पाहून पदरात तोंड लपवून हसल्या. म्हणाल्या, खाच्या वस्तूले साहेब मोजून काऊन राह्यले? रस्सा असा झाला होता की मलाही तोच प्रश्न पडला.

कुंदाला पत्र टाकलं. तब्येत सांभाळ, अक्काला त्रास देऊ नकोस, एवढंच. इथल्या गमती ती आल्यावर दाखवायच्या म्हणून राखून ठेवल्यात.

९ नोव्हेंबर

कचेरीनं पाठवलेल्या पत्र्याच्या खुणा कुचकामी. झिंगे त्या वजनानं उलटेच होतात. सुती दोरा पाण्यात दिसत नाही. शेवटी ट्रंकेतून कुंदाचा लाल स्वेटर काढला. तिच्या आईनं, इंदूनं विणलेला. कुंदाला आता आखूड होतो, पण तिचा वास आहे म्हणून मी सोबत आणला होता. डावी बाही उसवली. लोकर हलकी, आणि पाण्यातही लालभडक दिसते. लटारूभाऊ बाजाराला गेले होते, मग एकट्यानंच बसून चाळीस झिंग्यांच्या शेपटीच्या सांध्यात चाळीस धागे बांधले आणि डोहात सोडले. इंदू असती तर आधी चिडली असती, मग हसली असती. फार आठवण आली तिची.

१४ नोव्हेंबर

आज लाल धाग्याचा पहिला झिंगा परत मिळाला. तो पाहून गुणाबाईंच्या हातातली टोपली पडली. तुमचं कोण बुडालं, असं विचारू लागल्या. मी हसून म्हटलं, कोणी नाही, माझ्या मुलीचा स्वेटर आहे, ती मूलला खुशाल आहे. त्यांनी मला शेजारी बसवून सगळं सांगितलं.

इथली रीत मला आज कळली. बुडालेला माणूस सापडला नाही, तर घरचे त्याच्या कपड्याचा धागा जित्या झिंग्याला बांधून डोहात सोडतात. आमचा माणूस तुझ्याकडे आहे, तो दे, असं ते नदीला सांगणं. गुणाबाईंचा थोरला मुलगा गेल्या भादव्यात डोंगा उलटून बुडाला. त्याच्या धोतराचा धागा सोडला आणि तिसऱ्या दिवशी नदीनं त्याला काठावर आणून ठेवलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, जितीचा धागा काऊन बांधला जी? नदीपाशी पोरगी नाई, तं देईन कोठून? नदी पयले नेईन, मंग देईन.

पोर गमावलेल्या आईचं मन. जेवण मात्र गेलं नाही.

१९ नोव्हेंबर

अक्काचं पत्र. कुंदाचं अंथरूण रोज सकाळी ओलं असतं. आधी वाटलं, आठवणीनं होत असेल. पण अंथरुणात रेती सापडते. अक्काच्या घराजवळ ओढासुद्धा नाही. पत्राखाली कुंदाच्या अक्षरात दोन ओळी:

बाबा, मी तुमच्या पाण्यातल्या काळ्या बैलावर बसले होते. डाव्या हाताला फार गार लागतं.

खडकाबद्दल मी तिला एक अक्षर लिहिलेलं नाही.

तिला क्षणभरही नजरेआड करू नकोस, अशी अक्काला तार केली. तडक मूलला निघणार होतो, पण गुणाबाईंनी वाट अडवली. म्हणतात, ज्याच्या हातानं बांधले त्याच्याच हातानं सारे सुटले, तर नदी विसरते. मी थांबलो. मी, एम. एस्सी. झालेला माणूस.

२३ नोव्हेंबर

सत्तावीस धागे सुटले. सगळे धिवर स्वतःची कामं टाकून माझ्यासाठी जाळी ओढताहेत. कोणी एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

२६ नोव्हेंबर

छत्तीस! आणि अक्काची तार: अंथरूण कोरडं, कुंदा पोटभर जेवली. मी ओट्यावर बसून मोठ्यानं रडलो. लटारूभाऊ शेजारी बसून राहिले. त्यांना तिसऱ्या दिवशी काठावर जे मिळालं, ते नेमकं काय होतं, हे मला आज समजलं.

२८ नोव्हेंबर

एकोणचाळीस. टेबलावर ओळीनं वाळत घातलेत. चाळिसावा नाही. दिवसभर नाही.

एक गोष्ट मला माहीत आहे आणि मी कुणाला सांगितलेली नाही. झिंगा वाढताना कात टाकतो. चाळिसाव्यानं टाकली असेल, तर धागा डोहाच्या तळाशी कुठेतरी — आणि तो सोडवणार कोण —

३० नोव्हेंबर, सकाळ

कात सापडली. खडकाच्या कपारीत. धागा नाही.

दुपार

तार. कुंदा सकाळपासून घरात नाही. दार आतून बंद, कडी तशीच. अंथरुणापासून दारापर्यंत ओली पावलं —

ट्रंक उघडली. उरलेला स्वेटर नाही. तळाशी पाणी. टेबलावरचे धागेही — एकही नाही —

इंदू, मी हौसेनं नाही गं उसवला. हलकी होती लोकर. दिसत होती, एवढंच.

१ डिसेंबर

बस उद्या. तोवर डोहाकडे बघत बसायचं. अक्काकडून काही नाही. मूल गाव इथून इतकं लांब, सात वर्षांची पोर चालत कशी — नाही येऊ शकत. नाहीच —

२ डिसेंबर

तिसरा दिवस.

बस निघून गेली. माझ्यानं उठवलं नाही.

खालून लटारूभाऊंची हाक. जाळं जड आलंय म्हणतात. गुणाबाई धावत गेल्या आणि आता — त्यांचं रडणं मी ओळखतो —

कोणीतरी ओरडून सांगतंय, लाल स्वेटर आहे, आखूड आहे. मी इथूनच विचारलं, बाही? डावी बाही?

आहे म्हणतात. दोन्ही बाह्या आहेत. अख्ख्या. मी जातो, तिच्या हाताला गार लागत अस—