ढब्बूला सोड

६ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, लांडग्यांनी काल पुन्हा दोन मेंढ्या फाडल्या. टाकी तळाला गेली आहे. कुंपणाबाहेरची पाण्याची डोण हरणांसाठी भरायची बाबांची पद्धत मी बंद केली, तर हरणं कुंपण ओलांडून थेट टाकीत तोंड घालायला लागली. म्हणून ढब्बूला टाकीशी बांधलाय. तो दिवसभर भुंकून माझं डोकं खातो.

तू गुरांच्या दवाखान्यात औषधं देतेस. लांडग्यांसाठी काहीतरी जालीम पाठव. उपदेश पाठवू नकोस, त्याचा साठा भरपूर आहे.

दाजींना नमस्कार. लोभ सावकाश आला तरी चालेल, विष आधी येऊ दे.

तुझा धाकटा

११ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., आज जरा जड हाताने.

विष मिळणार नाही. उपदेश फुकट आहे, तो घे. अरे शहाण्या, ढब्बूचे डोळे उघडायच्या आत बाबांनी त्याला कानफाटी मेंढीच्या पोटाशी लावला. तिच्या दुधावर तो वाढला. माणसं त्याची कोणी नाहीत, मेंढ्या आहेत. असा राखणीचा कुत्रा कळपातून काढून तू लोखंडी टाकीच्या पहाऱ्याला बसवलास, आणि वर लांडगे आत शिरले म्हणून बोंब मारतोस. तो हरणांवर ओरडत नाही, कळपात जाऊ दे म्हणून ओरडतो. डोणही भर. हरणं मेली तर लांडगे काय माती खातील?

पत्र वाचून संपायच्या आत ढब्बूला सोड. दाजी म्हणतात, इतकं तोडून लिहू नये. त्यांनी तुला लहानाचा मोठा केलेला नाही, मी केलाय.

माया आहे म्हणून रागावते. दोन्ही सांभाळून ठेव.

ताई

१७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

तुझी आज्ञा पाळली. पत्र हातात असतानाच ढब्बूला सोडला.

त्याच सकाळी लांडग्यांनी कानफाटीला मारून कुंपणाशी टाकलं होतं. ते उरलेलं खायला परत येतात, म्हणून बाजारातून आणलेलं विष मी तिच्या जखमांना चोपडलं होतं. मला वाटलं, सुटला की ढब्बू कळपात जाईल. तो सरळ तिच्यापाशी गेला आणि तिला चाटत बसला. ओढायला गेलो तर माझ्यावरच दात काढले. मी मेंढपाळाचा मुलगा, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. संध्याकाळच्या आत त्याने तिच्याशेजारी जीव सोडला. लांडगे तिकडे फिरकलेसुद्धा नाहीत.

दोघांना एकाच खड्ड्यात खोल पुरलं. तू म्हणशील, मी मारला. मी म्हणतो, इथे काय चाललंय ते न विचारता तिकडे बसून हुकूम सोडणारी तू. खरं कोणाचं ते तूच ठरव. मला आता कळपाकडे बघवत नाही. अंधार पडला की सगळ्या एकमेकींवर चढतात.

लोभ ठेवायचा की नाही, तेही तूच बघ.

धाकटा

२२ एप्रिल

धाकट्या,

आशीर्वाद लिहायला आज हात उचलत नाही. मी विष दिलं नाही तर तू दुसरीकडून आणशील, हे मला कळायला हवं होतं. तुला मी ओळखत नाही का? तुझा भयंकर राग येतोय. माझाही येतोय, पण तुझा जास्त.

दवाखान्यात रजा टाकली आहे, रविवारी येते. तुझ्याशी बोलायला नाही. चहासुद्धा माझा मी करून घेईन.

पाऊस लागेपर्यंत राहीन. माझं अंथरूण घरात घालू नकोस, मेंढवाड्यात घाल.

ताई