दादाचे विमान उतरायच्या आत

मी, सलील शरच्चंद्र ताम्हनकर, वय वर्षे सत्तेचाळीस, व्यवसाय नोकरी, मूळ राहणार चिंचवड, पुणे, सध्या राहणार रिफा, बहरीन, हे मृत्युपत्र आज शुक्रवारी सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची झडप शाबूत नाही. ती रविवारी बदलायची आहे. ‘कोणाच्याही दडपणाखाली न येता’ असे या जागी लिहायची पद्धत आहे, पण खोट्याने सुरुवात नको. दडपण आहे. माझे थोरले बंधू श्री. जयेश आज दुपारच्या विमानाने येत आहेत आणि त्यांच्या तोंडावर मला आजवर कधी नाही म्हणता आलेले नाही. ते मुहर्रकच्या विमानतळावर उतरायच्या आत या कागदावर सही झाली पाहिजे.

यापुढे त्यांना दादा म्हणतो. कागदावर अहो-जाहो वाचून तोच घाबरायचा.

साक्षीदार म्हणून श्री. सिराज समोरच्या सोफ्यावर चहा घेत बसले आहेत. मनामाच्या बाजारात, बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत त्यांचे जुन्या गेम्सचे दुकान आहे आणि माझ्या पगाराला तिकडची वाट चांगली ठाऊक आहे. दुसरे साक्षीदार आमच्या कंपनीचे ड्रायव्हर श्री. गुंडू गवस वाटेत आहेत.

कलम एक. बँकेतली शिल्लक, विमा आणि कंपनीकडून येणे असेल ते सगळे माझी मुलगी दीप्ती हिला मिळावे. गाडी विकावी. ती माझी मेहुणी पूर्णिमा हिला कोणत्याही परिस्थितीत देऊ नये; ती गाडीसुद्धा गेमसारखी चालवते.

कलम दोन. चिंचवडच्या फ्लॅटमधला माझा अर्धा हिस्सा दादाला द्यावा. आई-बाबांचे शेवटचे आजारपण त्याने एकट्याने काढले. मी इथून फोन करत होतो.

कलम तीन. माझे गेम्सचे कपाट. कोर्टात ज्यांच्यावर हे वाचायची वेळ येईल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मी जपानी आरपीजी खेळतो. त्यात आडगावातला कोणी पोरगा घराबाहेर पडतो, वाटेत चार माणसे जोडतो आणि त्यांना घेऊन जग वाचवायला निघतो. जुन्या धाटणीच्या गेममध्ये लढाई आळीपाळीने होते. आधी आपण वार करायचा, मग राक्षसाने, मग परत आपण. आपले ठरेपर्यंत राक्षस सभ्यपणे उभा राहतो. मला हेच आवडते, कारण विचार करायला वेळ मिळतो. नोकरीत तो कधी मिळाला नाही आणि डॉक्टरांनीही दिला नाही.

पूर्णिमा मनामातल्या एका बँकेत आहे. तिला हे काडीइतके पटत नाही. “भावजी, रांगेतच उभं राहायचं तर मी बँकेत राहीन की, घरी कशाला?” असे ती म्हणते. तिला नव्या धाटणीचे हवेत: पळा, उड्या मारा, तलवार फिरवत सुटा. पात्रे बोलू लागली की बटण दाबून ती त्यांची तोंडे बंद करते. ज्याने रात्रंदिवस खपून ते संवाद लिहिले त्याचे तळतळाट तिला लागणार आहेत, हे मी तिला तोंडावर सांगितले आहे आणि इथे लेखी देतो.

दादाची तिसरी तऱ्हा. तो आधी गाइड छापून घेतो, खुणा करतो, मग गेम सुरू करतो. पहिल्याच गावाबाहेर तो आठवडाभर बारीकसारीक चिलटे मारत राहतो आणि सगळे गडी दणकट झाल्याशिवाय पाऊल पुढे टाकत नाही. तो कधी हरत नाही. बघणारा मात्र झोपतो.

म्हणून आळीपाळीचे सगळे गेम दादाला आणि धावपळीचे पूर्णिमाला द्यावेत. दोघांनी एकमेकांचे मागू नयेत. कोणालाच नको असतील ते सिराजभाईंनी रास्त भावात घ्यावेत. हे वाक्य मी त्यांना वाचून दाखवले, तर म्हणाले, “सलीलभाई, ये वसीयत है या गेम का झगड़ा?”

कलम चार. करड्या रंगाचे मेमरी कार्ड. त्यात माझी दिवंगत पत्नी सुनीता हिचा अर्धवट राहिलेला गेम आहे. सुनीताला जग वाचवायची घाई नव्हती. ती गावातल्या प्रत्येक दारात जाऊन बोलायची, मासे पकडायची, कोणा म्हातारीची हरवलेली मांजर शोधत सुट्टीचे चांगले दोन शुक्रवार घालवायची. पूर्णिमाचे म्हणणे, ताईचा गेम आपण पुरा करू. माझे म्हणणे, हात लावाल तर याद राखा. यावरून आमचे बोलणे बंद झाले ते झालेच. ते कार्ड आता दीप्तीचे. पुढे खेळावे की तसेच ठेवावे हे तिने ठरवावे. मला त्यात बोलायचे नाही, आणि हे लिहिताना मला खूप जड जात आहे.

कलम पाच. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते हे. मी रविवारी ऑपरेशनच्या टेबलावरून उठलो नाही, तर दीप्ती सज्ञान होईपर्यंत तिची पालक म्हणून मी तिची मावशी पूर्णिमा हिला नेमतो. दादाला नाही.

दादाने चिंचवडला तिची शाळा ठरवली आहे, खोली रंगवून घेतली आहे. मला विचारले नाही. विचारायची त्याला सवय नाही. मी फोनवर “बरं दादा” म्हणालो. तेव्हापासून मला झोप नाही. दीप्ती इथेच जन्मली, तिची शाळा इथे, मैत्रिणी इथे, तिची आई इथेच गेली.

कारण कोर्टाला पोरकट वाटेल, तरी लिहितो. कॉलेजात असताना दादाने एक जुने प्लेस्टेशन आणले आणि त्याबरोबर एक डिस्क. तीवर सगळे जपानीत. आम्हाला अक्षर कळत नव्हते, म्हणून गेमला नाव आम्हीच दिले, ‘सात दीपस्तंभ’. कुठली बाटली औषधाची आणि कुठली विषाची हे आपल्याच गड्यांना पाजून शोधावे लागे. त्यात एक लहानगी होती, जखमा बऱ्या करणारी. तिला आम्ही चिमी म्हणत असू. दादाने तिची ढाल काढून घेतली, काठी काढून घेतली आणि तिला पहिल्या गावच्या खानावळीत बसवून ठेवली. शेवटपर्यंत ती तिथेच. आम्ही जग वाचवले तेव्हाही ती त्या खानावळीतच होती. मला ते तेव्हाही आवडले नव्हते.

पूर्णिमा याच्या अगदी उलट. भर लढाईत कोणी पडले की ती हातातली तलवार टाकून त्याला उठवायला धावते, मग राक्षस पाठीत घाव घालो. तिच्या या खोडीपायी आम्ही किती वेळा हरलो आणि मी तिच्यावर किती ओरडलो! ती म्हणायची, “हरलो तर हरलो. कोणी मागे तर नाही ना राहिलं?” माझी मुलगी मला अशा माणसाकडे द्यायची आहे.

पूर्णिमाची संमती दीप्तीमार्फत घेतली. तिचा निरोप आला: “भावजींना सांग, मी तयार आहे. पण त्यांचे रांगेचे गेम माझ्या घरात लागणार नाहीत, खलास.” दीप्तीच्या इथल्या रेसिडेन्सीच्या कागदांचे ती बघेल.

कलम सहा. वर न आलेले किंवा काही कारणाने कोणाला न पोचणारे जे काही उरेल, ते दीप्तीचे.

एवढे लिहून मी कागद दीप्तीला दाखवला. ती मराठी सावकाश वाचते. वाचून झाल्यावर म्हणाली, “बाबा, क्लॉज थ्री इज गेम्स, क्लॉज फाइव्ह इज मी. आय ॲम नॉट अ गेम इन युवर कपाट.”

मी म्हणालो, “तुला इथंच राहायचंय ना? मावशीशी फोनवर बोलताना ऐकलं मी.”

“यू हर्ड. यू डिडन्ट आस्क.”

मग विचारले. ती म्हणाली, “मावशी. बट यू टेल काका. युवरसेल्फ. बिफोर यू साइन.”

मी म्हटले, सही झाल्यावर सांगतो. ती खुर्चीवरून उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

साक्षीदार का बदलला हे नोंदवणे भाग आहे, म्हणून पुढचे लिहितो. गुंडूचा फोन आला: “सायबानू, माका अचानक ड्युटी लागली. आज येवक जमाचा नाय.” मराठी वाचणारा दुसरा माणूस जवळपास नव्हता, पण सही माझीच आहे एवढे सांगायला मराठी कशाला हवी? सिराजभाईंनी आपल्या दुकानातल्या मुलाला टॅक्सीने यायला सांगितले. घंटा वाजली तेव्हा सिराजभाई “यल्ला, चलो, आ गया” म्हणत दार उघडायला गेले.

दारात दादा होता. विमान वेळेच्या आधी उतरले होते.

मी कागदावर वर्तमानपत्र ओढले. दादाने बॅग खाली ठेवली, माझ्या कपाळाला हात लावला आणि विचारले, “काय लिहीत होतास?”

“काही नाही,” मी म्हणालो.

दीप्ती खिडकीकडून आली. वर्तमानपत्र बाजूला करून तिने कागद उचलले आणि दादाच्या हातात दिले. “काका, वाचा.”

दादाने चष्मा लावला. तो उभ्यानेच वाचत होता आणि एकही ओळ सोडत नव्हता. सिराजभाई कपातला संपलेला चहा पीत राहिले. शेवटी दादाने मागची पाने पुन्हा काढली.

“चिमीचं चुकीचं लिहिलंयस,” तो म्हणाला. “तिला बाहेर काढली की पहिल्याच फटक्यात मरायची. मग तू जेवायचा नाहीस. म्हणून ठेवली तिला खानावळीत. आणि ढाल कुणाला दिली होती मी?”

ढाल मी खेळवायचो त्या गड्याला दिली होती. हे मी विसरलो होतो. विसरलो नव्हतो, पण असे जोडून कधी पाहिले नव्हते. हे सगळे फाडून टाकावे आणि “बरं दादा” म्हणावे, असे अगदी ओठांवर आले.

तेवढ्यात दीप्ती बोलली. मराठीत, अडखळत. “काका, पण चिमीला विचारलं होतं?”

दादाने कागद टेबलावर ठेवले. तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. ती घाबरलेली होती. मग तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. माझ्या आठवणीत तो प्रथमच कोणाला काही विचारण्यासाठी बसला.

“तुला कुठं राहायचंय, बाळा?”

“इथे. मावशीकडे. सुट्टीत मी येईन तुमच्याकडे. प्रॉमिस.”

“खोलीला पिस्ता रंग दिलाय,” दादा म्हणाला. “तो काही उडून जात नाही.” मग माझ्याकडे वळला. “दुसरा साक्षीदार कुठंय?”

मी दुकानातल्या मुलाचे सांगितले.

“परका पोरगा कशाला? उद्या कोणी म्हणालं, भावाला अंधारात ठेवून केलं, तर? मी करतो सही. मग या कागदाला कोणी हात लावणार नाही.”

मी म्हणालो, तसे चालणार नाही. मृत्युपत्राचे विचारायला गेलो तेव्हा इथल्या वकिलीणबाईंनी बजावले आहे, जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून दिलेले मिळत नाही. चिंचवडचा हिस्सा जाईल, गेमही जातील.

“नियम मला शिकवू नकोस,” दादा म्हणाला. “कलम सहा तूच लिहिलंयस ना? न पोचलेलं दीप्तीचं. मग ते तिला पोचलं. पेन दे.”

सबब मी हे मृत्युपत्र आज दोन्ही साक्षीदारांच्या देखत वाचून, समजून सही करून ठेवत आहे.

(सही) सलील शरच्चंद्र ताम्हनकर
लिहून ठेवणार

साक्षीदार १: (सही) सिराज, दुकानदार, मनामा. सलीलभाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: (सही) जयेश शरच्चंद्र ताम्हनकर, राहणार चिंचवड, पुणे, लिहून ठेवणाऱ्याचा थोरला भाऊ. सही माझ्यासमोर झाली. कलम दोन वाचले आहे. दीप्तीला विचारले आहे.

स्थळ: रिफा, बहरीन
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५