पहिलं ताट

६ जानेवारी

शहाद्याच्या नर्सिंग ब्युरोनं मला तापीकाठच्या या गावात पाठवलं आणि पहिल्याच दिवशी जीव सुखावला. मागे केळीची बाग, मला स्वतंत्र खोली, सकाळी गरम पाणी. पेशंट जसोदाबा, साठी ओलांडलेल्या. लकव्यानं उजवी बाजू आणि वाचा गेलेली. मुलगा हेमकांतभाई शेती बघतो, सून कामिनीभाभी घर. ब्युरोतल्या मुली सांगायच्या की नर्सला बहुतेक घरांत मागच्या ओट्यावर उरलंसुरलं वाढतात. इथे भाभींनी जसोदाबांच्या खोलीतच, सगळ्यांच्या आधी, माझं ताट आणलं. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, गूळ. हसून म्हणाल्या, "सेवा करनारीनं ताट पहिलं, ताई. मंग आमनं."

मी काही टाकलं नाही. शाळेआधी वडिलांनी घरीच अक्षरं गिरवून घेतली. बाकीचं आईनं शिकवलं, लकवा झालेल्या काकांचं करता करता. कूस कशी बदलायची, चादरीला चुणी का नको, आणि दुसऱ्याच्या घरी ताटात शीतही का ठेवायचं नाही.

१० जानेवारी

जसोदाबांच्या माकडहाडावर पडून राहिल्यानं झालेली जखम आहे. रोज सलाइननं धुते, दर दोन तासांनी कूस बदलते. पेज भरवताना मान पुढे घेतली का, हे मी पुन्हा पुन्हा बघते. ठसका लागला तर माझ्यामुळे लागेल, ही भीती जात नाही.

माझं ताट आलं की त्या बिथरतात. डावा हात ताटावर आपटतात, रडतात. आज भाकरी खाली पाडली. भाभींनी दुसरी आणली. लकव्यानंतर पेशंट असे चिडतात, हे आम्हाला शिकवलंय. मी समजूत घातली, बा, तुमची पेज येतेच आहे.

१७ जानेवारी

जखम भरतेय! कडेनं कोवळी गुलाबी कातडी धरलीय. आणि आज उजव्या हाताचं बोट हललं. हेमकांतभाईंनी माझ्यापुढे हात जोडले. "तुमना हातले जस शे, ताई." आईला फोन करून सांगितलं, माझ्या हाताला यश आहे म्हणतात. ती रडलीच.

जसोदाबांनी आज ताटावर हात आपटला नाही. मी जेवत असताना डोळे मिटून पडून राहिल्या.

मला कमरेखाली आग होते. ओणवं राहून असेल.

२१ जानेवारी

आरशात पाठ बघितली. माकडहाडावर लाल डाग. बोटानं दाबला तरी पांढरा पडत नाही. याचा अर्थ मला ठाऊक आहे, पडून राहिल्याच्या जखमेची पहिली पायरी. पेशंटला असता तर लगेच डॉक्टरांना कळवलं असतं. पण हे अंथरुणाला खिळलेल्यांना होतं. मी दिवसभर पायांवर असते.

उजव्या हातातून कप सुटला. बीपी बघितलं, साखर बघितली. सगळं ठीक.

२३ जानेवारी

औषधं घ्यायला आत गेले, तर कामिनीभाभी माझं ताट जसोदाबांच्या डोक्यापासून पायांपर्यंत उतरवत होत्या. ओठ हलत होते. मग तेच ताट माझ्यापुढे.

आमच्या तळोद्यात तिठ्यावर असा उतारा पडलेला दिसला की आई मला हाताला धरून वळसा घालायची. ओलांडेल त्याला रोग्याचा रोग लागतो म्हणायची. पण मी नर्सिंग शिकलेली मुलगी. मेंदूतली रक्ताची गाठ भाकरीतून जात नसते. आईसारखं घाबरले याचीच लाज वाटली.

खाल्लं. सगळं.

२४ जानेवारी

राहवेना. भाभींना विचारलं. वाटलं, नाकारतील, चिडतील. त्या मेथी निवडत होत्या, निवडतच राहिल्या. म्हणाल्या, "तिठावर ठेवं ते कोनाबी पोऱ्याले लागी जाई. पाप नही का ते? तुम्ही ते आजारीनं करालेच येल शेतस ना, ताई."

मी आजाऱ्याचं करायलाच आलेली ना. एवढ्या साधेपणानं, जणू कामाची वाटणी सांगावी—

तेवढ्यात जसोदाबा आल्या. चालत. भिंतीला धरून. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "मी ताटवर हात मारा, पोरी. बराच मारा. मंग बोट हालनं."

माझ्याकडे बघितलं नाही.

बॅग भरायला वळले. उजवा पाय तिथेच राहिला.

२९ जानेवारी

डाव्या हातानं लिहितेय. वाचा नाही. पलंग जसोदाबांचाच. फोन भाभींकडे. आईला सांगतात, ताईला ताप आहे, काळजी नको. कूस कोणी बदलत नाही. चादरीला चुण्या— प्रत्येक चुणी कळते.

मघाशी भाभी उशाशी बसल्या. म्हणाल्या, घाबरू नका, आम्ही उपकार विसरणारी माणसं नाही. ब्युरोला दुसरी मुलगी सांगितलीय. तुमच्यासाठी.

१ फेब्रुवारी

आली. चारुलता नाव. माझ्याहून लहान. आल्या आल्या चादर ताठ केली, कूस बदलली. किती हलका हात—

भाभींनी ताट माझ्यावरून उतरवलं. तेव्हा ती हात धुवायला गेली होती. मग तिच्यापुढे. मी डाव्या हातानं उडवलं. भाकरी जमिनीवर.

ती हसली. म्हणाली, रागावल्या का ताई? भाभींनी दुसरी आणली.

४ फेब्रुवारी

लिहिलंय. मोठ्या अक्षरात, वेगळ्या पानावर. खाऊ नकोस. एवढंच. कूस बदलायला आली की दाखवायचं—

५ फेब्रुवारी

दाखवलं नाही. उजवा अंगठा— हलला. वाटतं. नुसतं वाटत असेल. खात्री तर होऊ दे. उगाच पोर घाबरेल—

नाही. खोटं लिहू नये.

६ फेब्रुवारी

हलतोय.

ती समोर बसलीय, ताट मांडीवर. पहिला घास मोडला. वही माझ्या छातीवर, शेजारचं ते पान उघडं. नुसती तिच्याकडे फिरवायची. फिरवते. हा एवढा घास झाला की— हा एकच, मग