पाणकणसाची पट्टी

२ नोव्हें.
पाणकणसाचे कंद लावून झाले, कडेनं कर्दळ. माशांच्या तळ्याच्या खालच्या अंगाला, त्या पांढऱ्या चोपणात, जिथं ऊस तर सोडाच, हरळीही धरत नाही. माशांची घाण, उरलेलं खाद्य, तळाचा गाळ, सगळं ह्या झाडांनी खायचं आणि ओढ्यात निवळ पाणी सोडायचं. कळंब गावभर बोभाटा : बाई घाण पेरतेय. पेरते. बघा काय उगवतं ते.

५ नोव्हें.
तात्या, ह्यांचे चुलते, बांधावर आले. त्यांची विहीर आमच्या खाली, ओढ्याकाठी. म्हणाले, पाण्याला माशाचा वास येतो. खरं आहे, येतो. म्हणूनच तर पट्टी लावली. ऐकतात कुठं. जमीन अजून सामाईक, तेव्हा शब्द त्यांचाच.
"संक्रांतीपातुर वास गेला न्हाय तर तळं बुजवायचं. जेसीबी मी लावतो."
चहा नको म्हणाले, एकवेळ ठीक. पाणीही घेतलं नाही. भावकीत पाणी नाकारायचं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको. संताप झाला.

१९ नोव्हें.
एक दिवस माहेरी भवानीनगरला काय गेले! ह्यांनी माया केली. मोटार लावून तळाचा सगळा गाळ एकदम पट्टीत, पाट तुडुंब. म्हणे, जरा जास्त दिलं की जोमानं येईल. उसाच्या हाताला कमी देणं ठाऊकच नाही. असंच पाजून पाजून ही जमीन चोपण झाली. मी ह्यांच्या तोंडावर बोलले तसं. जेवण कुणालाच गेलं नाही.

२४ नोव्हें.
कोंब काळे. वास दुप्पट. रडू आलं, रडून घेतलं. मग खोरं घेऊन गाळ उपसायला लागले. थोड्या वेळानं हे दुसरं खोरं घेऊन आले.

३ डिसें.
नवी रीत : गाळ बांधावर वाळवून मगच मूठमूठ बुडाशी. तळ्याची धार करंगळीएवढी. हे येताजाता कॉक वाढवतात, म्हणून त्याची चावी माझ्या कमरेला. सासूबाई म्हणाल्या, "मला तिजोरीची कदी मिळाली न्हाय. तुला घाणीची तरी मिळाली."

२७ डिसें.
काळ्या बुडातून हिरवं. पुन्हा. खालचं पाणी ओंजळीत घेतलं, तळ दिसला. वास... नाही बहुतेक. माझ्या नाकावर माझाच भरवसा नाही.

१४ जाने.
तात्या शब्दाचे पक्के. सकाळीच जेसीबी बांधावर. मी म्हटलं, आधी विहिरीची बादली काढा. काढली. तात्यांच्या बायकोनं, काकींनी हुंगली, म्हणाल्या, कसला वास न्हाय. तात्या म्हणाले, मला येतोय.
मी म्हटलं, "तात्या, पाण्याला न्हाय येत. सुनंनं न इचारता तळं केलं, त्याचा येतोय तुमाला."
तात्या गेले. तिळगूळ दिला नाही, घेतला नाही. भीती वाटली, खोटं कशाला लिहू. पण शब्द मागं घेणार नाही.

१५ जाने.
जेसीबी तिथंच. तात्या परत पाठवत नाहीत, चालू करा असंही म्हणत नाहीत. हे म्हणतात, थोडं दमानं घे. मी दिवसभर नवे कंद लावले. शेवटची ओळ जेसीबीच्या चाकाला टेकली.